सुई टोचली, कागद कुठे आहे?

मराठीत 'सेवा' हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे. माझेच पाहा. मी सरकारी खात्यात आस्थापना विभागातला कारकून. लोकांची सेवापुस्तके लिहायची, सेवाज्येष्ठतेच्या याद्या करायच्या, सेवानिवृत्तीची प्रकरणे पुढे सरकवायची, हा माझा धंदा. यात सेवा कोणाची आणि किती होते ते न विचारलेले बरे! पण या आमच्या सेवेत कोणी कार्यालयाच्या जिन्यावरून घसरून पाय मुरगाळून घेतला, तर तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि औषधांची बिले माझ्या टेबलावर हजर असतात. कोणालाही त्यात संकोच वाटत नाही, वाटायचे कारणही नाही. नियम आहे, तो आम्हांला पाठ आहे, आणि अर्जावर आवक क्रमांक कसा पाडून घ्यायचा हेही ठाऊक आहे.

ज्यांच्या नोकरीला सेवा हा शब्द खरोखर शोभतो ती माणसे मात्र इथेच अडतात. परिचारिका, वॉर्डातल्या आया, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक, रक्ताने माखलेल्या चादरी धुणारे. यांना कामावर दुखापत झाली, तर त्याबद्दल काही मागायचे असते, मागता येते, आणि मागण्याला एक रीत आहे, हेच त्यांच्या गावी नसते. आणि ठाऊक असले तरी मागायची लाज वाटते. 'सिस्टर' म्हणून हाक मारली की बहिणीने भावाकडे बिल कसे मागायचे? दर १२ मे रोजी, नाइटिंगेलबाईंच्या जन्मदिनी, त्यांच्या हातात गुलाबाचे फूल दिले जाते. ३ मे २०२० रोजी तर हेलिकॉप्टरमधून इस्पितळांवर पाकळ्या उधळल्या गेल्या. मला त्या पाकळ्यांचा राग नाही. पण फुलाला आवक क्रमांक नसतो, हे कारकून म्हणून मला सांगितलेच पाहिजे.

गेल्या चवथीला घरी माटोळी बांधायचे काम चालले होते. माझी एक मावसबहीण बार्देशातल्या एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स आहे. नाव इस्पितळाचेही सांगत नाही आणि तिचेही नाही. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "दादा, परवा रातपाळीक सुई तोपली म्हाका." सुई टोचली. एका रुग्णाला इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला टोपण लावताना ती तिच्याच तर्जनीत घुसली. तिने हात नळाखाली धरला, साबण लावला, पट्टी चिकटवली आणि पुढच्या खाटेकडे गेली. सकाळी वरिष्ठ सिस्टरला सांगितले, तर त्या म्हणाल्या, "कशाक गो बोवाळ? बारीकशी सुई ती." झाले. मी विचारले, नोंद केलीस? तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी माटोळीला टांगलेल्या तोरिंगाची पावती मागतो आहे!

आता त्या बारीकशा सुईचा हिशेब पाहू. वैद्यकीय पुस्तकांत एक ढोबळ आकडा दिलेला असतो. रुग्णाच्या रक्तात विषाणू असेल आणि सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला हेपटायटिस बी होण्याचा धोका शंभरात सहा ते तीस इतका, हेपटायटिस सी चा शंभरात सुमारे दोन, आणि एचआयव्हीचा हजारात तीन. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, ती २८ दिवस चालतात. म्हणजे 'कशाक बोवाळ' म्हणण्यात जी सकाळ गेली, ती सकाळच औषधाची होती. चवथीच्या दिवशी ते ७२ तास उलटून गेले होते. हेपटायटिस बी ची लस तिने प्रशिक्षणाच्या वेळी घेतलेली होती, ही नशिबाची गोष्ट.

पण मला इथे सांगायचे आहे ते औषधाबद्दल नाही, कागदाबद्दल. सुई टोचल्यावर त्याच दिवशी टोचलेल्या माणसाच्या रक्ताची एक तपासणी करायची असते. ती कशासाठी? त्या दिवशीच्या सुईने झालेला संसर्ग त्या दिवशीच्या रक्तात दिसतच नाही. म्हणून पुष्कळांना ती निरर्थक वाटते. तिची किंमत पुढे कळते. पहिल्या दिवशी अहवाल निर्दोष, आणि सहा आठवड्यांनी किंवा तीन किंवा सहा महिन्यांनी सदोष आला, तर मधल्या काळात काय घडले याचे उत्तर फाइलमध्ये बसलेले असते. पहिल्या दिवसाचा अहवालच नसेल तर इस्पितळाचा वकील शांतपणे विचारणार, बाईंना हा आजार आधीपासूनच नव्हता कशावरून? त्या प्रश्नाला मग जगातला कोणताही डॉक्टर उत्तर देऊ शकत नाही. सगळा दावा त्या एका नळीभर रक्तावर उभा असतो.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच उदार आहे. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आणि १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, या दोन्हींच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी आहे. त्या यादीच्या अ भागातली अगदी पहिली नोंद कोणती, तर संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेले संसर्गजन्य रोग. आणि त्यापुढे कामांचे जे प्रकार दिले आहेत त्यांत पहिलेच आहे आरोग्यसेवेचे व प्रयोगशाळेचे काम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण व्यावसायिक रोगांचे परिशिष्ट तिथेही तिसरेच आहे. या यादीचा अर्थ असा, की इस्पितळात काम करणाऱ्याला असा रोग जडला तर तो कामातूनच जडला असे कायदा धरून चालतो. तसे नसेल तर ते दाखवायचे काम समोरच्याचे. ब भागातल्या रोगांना सहा महिन्यांच्या सलग नोकरीची अट आहे, अ भागाला तीही नाही. एवढे जर पहिल्याच ओळीत लिहून ठेवले आहे, तर ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यापर्यंत ते शंभर वर्षांत का पोचू नये?

एक कारण भीतीचे आहे आणि ते खोटे नाही. आमच्याकडच्या मुली नर्सिंग शिकतात त्या बहुधा पुढे कुठे तरी जायचे म्हणून. कोणाला गल्फ, कोणाला आयर्लंड, कोणाला इंग्लंड. गल्फच्या व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी होते तीत हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पाहतात, आणि यांतले काही निघाले की दार बंद. तेव्हा 'मला सुई टोचली' असे लिहून देणे म्हणजे आपल्या नावावर आपणच डाग लावून घेणे, असे त्या मुलींना वाटते. शिवाय अनुभवाचा दाखला ज्यांच्याकडून घ्यायचा त्यांच्याशीच वाकडे कशाला? मावसबहिणीनेही मला हेच सांगितले. मी तिला म्हटले, रोग झाला असेल तर तो व्हिसाच्या तपासणीत निघणारच आहे, तू लिहिलेस म्हणून काही जास्त निघणार नाही. लिहिले नाहीस, तर व्हिसाही गेला आणि भरपाईही गेली.

दुसरे कारण जास्त खोल आहे. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, चूक माझीच. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, ती तशीच पांढऱ्या, आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची, हे त्यांना पहिल्या वर्षीच शिकवलेले असते. मग आता कोणत्या तोंडाने मागायचे? इथे आपल्याकडचा एक मोठाच गैरसमज आहे. भरपाई म्हणजे निर्दोष माणसाला मिळणारे बक्षीस, असे आपण मानतो. ईएसआयच्या कायद्यात याचे सरळ उत्तर होते. कामगाराने नियम मोडून किंवा वरिष्ठांच्या सूचनेविरुद्ध काही केले आणि त्यात अपघात झाला, तरी ते काम मालकाच्याच धंद्यासाठी चाललेले असेल तर ती नोकरीतली दुखापतच. सुईला टोपण लावणारी नर्स स्वतःच्या करमणुकीसाठी ते लावत नव्हती! रात्री एका नर्सकडे किती खाटा होत्या आणि तो पांढरा डबा कोणत्या कोपऱ्यात, कितपत भरलेला होता, हेही मग कागदावर येते. टोपणाची चूक सांगणाऱ्याला त्या डब्याचीही चौकशी करावी लागते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी देणे, वर्षातून एकदा त्यांची तपासणी करणे आणि अपघात ठरावीक नमुन्यात कळवणे ही इस्पितळाचीच जबाबदारी केली आहे. तो नमुना नियमांतला पहिलाच आहे. किती इस्पितळांत तो छापून ठेवलेला असतो, ते वाचकांपैकी कोणी त्या क्षेत्रात असेल तर त्यांनीच स्वतःला विचारावे.

ईएसआयमध्ये मिळते तरी काय, हे थोडक्यात सांगतो. मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा, हा दर जुलै २०१९ पासूनचा. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेले त्यात येतात. आजारपणाच्या लाभाला काही दिवसांची वर्गणी जमा असावी लागते, पण कामावरच्या दुखापतीला ती अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी पडलात तरी हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस कामावर जाता आले नाही, तर बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या नव्वद टक्के मिळतात. कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर रक्कम मिळते. परिशिष्टात पूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के असे लिहून ठेवलेले आहे. म्हणजे सहाशे रुपये रोज असलेल्या आयेची तर्जनी गेली, तर पाचशे चाळीसच्या चौदा टक्क्यांनी दिवसाला पंचाहत्तर रुपये साठ पैसे. बोटाची ही किंमत वाचून अंगावर काटा येतो हे खरे, पण मी अशी माणसे पाहिली आहेत, ज्यांना तेवढेही मिळालेले नाही. नुसती सुई टोचली आणि पुढे काही झाले नाही, तर रोख असे काही हातात पडत नाही, हेही सांगून ठेवतो. त्या नोंदीचा उपयोग विम्याच्या पॉलिसीसारखा. लागली नाही तर बरेच.

एकवीस हजारांच्या वर पगार गेला की माणूस ईएसआयच्या बाहेर पडतो आणि तेव्हा नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याकडे, आता संहितेतल्या त्या प्रकरणाकडे, वळावे लागते. तिथे कोणत्या कामांना ती तरतूद लागू याचे वेगळे परिशिष्ट असते. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे जाऊन आपले काम त्यात बसते का हे आधी पाहून घ्यावे. दाव्याला जुन्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. अपघाताची खबर मात्र शक्य तितक्या लवकर, आणि लेखी. वॉर्डबॉय किंवा सफाईवाला कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाला, म्हणजे इस्पितळाला, जबाबदारी झटकता येत नव्हती. इस्पितळाने आधी द्यायचे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचे, अशी ती व्यवस्था. 'तो आमचा माणूस नव्हे' हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सरकारी इस्पितळातल्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे केंद्राचे सीसीएस नियम आपण गोव्यात चालवतो. कामामुळे झालेल्या आजारासाठी व दुखापतीसाठी केंद्राने २०१८ मध्ये रजा नियमांत स्वतंत्र रजा आणली. इस्पितळात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर साध्या कर्मचाऱ्याला सहा महिने पूर्ण आणि पुढे बारा महिने अर्धा. अट एकच, की दुखापतीचा कामाशी संबंध आहे असे वैद्यकीय प्राधिकाऱ्याने लिहून दिले पाहिजे. आता गंमत पाहा. मी ज्या फाइली पाहिल्या आहेत त्यांत जखमी झालेला इस्पितळातला माणूस आपली अर्जित रजा टाकून घरी बसतो! 'तब्येत बरी नसल्यामुळे' एवढेच कारण लिहितो. कामावर झाले, असे लिहीतच नाही. सेवापुस्तकात ती साधी रजा म्हणून चढते आणि संपते. पाच वर्षांनी कंबर पूर्ण गेली, की मागे वळून पाहायला त्या पुस्तकात काहीच नसते.

कंबर म्हटले आणि थांबावेसे वाटले, कारण सुईपेक्षा कंबरेने जास्त नर्सेस घरी बसतात असे मला वाटते. नव्वद किलोच्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचे, ट्रॉलीवरून खाटेवर घ्यायचे, मदतीला दुसरी सिस्टर असली तर असली. असे वीस वर्षे. कायद्याला मात्र क्षण लागतो. अमुक तारीख, अमुक वेळ, तेव्हा काही तरी घडले. वीस वर्षे थोडे थोडे झिजणे त्याला कळत नाही, आणि रुग्ण उचलून झिजलेली कंबर व्यावसायिक रोगांच्या यादीत नाही. तिथे हेल्थ वर्कर पहिल्या ओळीत आहे तो जंतूंसाठी, वजनासाठी नाही. माझे स्पष्ट मत आहे, की नवी संहिता करताना ही यादी उघडायची चांगली संधी होती आणि ती गेली. खाणीतल्या माणसाच्या फुफ्फुसाची धूळ कायद्याला दिसते. खाण गोव्याला नवी नाही, तेव्हा ते योग्यच आहे हे मी वेगळे सांगायला नको. पण त्या खाणकामगाराला शेवटी ज्या वॉर्डात ठेवतात तिथे त्याला उचलणारीचा मणका कायद्याला दिसत नाही. तोवर एकच उपाय हाती आहे. ज्या दिवशी उचलताना कळ आली तो दिवस, वेळ, खाट क्रमांक आणि जवळ कोण होते, हे त्याच दिवशी लिहून द्यायचे. झिजण्याला तारीख नसते, कळेला असते.

वाटेवरच्या अपघाताचेही असेच. रात्रपाळीला स्कूटरवरून निघालेली नर्स वाटेत पडली तर ते कामावरचे का? पूर्वी न्यायालये सहसा नाही म्हणत. ईएसआयच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन घर ते काम हा प्रवास आत आला. धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. त्याच्या बायकामुलांना सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी भरपाई कायम केली, आणि तोच अर्थ नुकसानभरपाईच्या कायद्यालाही लावला. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध मात्र दिसला पाहिजे, असे सांगितले. बावीस वर्षे! पहारेकऱ्याची पाळी किती वाजता होती हे हजेरीपत्रकात होते म्हणून तेवढे तरी टिकले.

कोविडच्या वेळी हेच सगळे मोठ्या अक्षरांत दिसले. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला. सरकारी, खासगी, कंत्राटी, आशा कार्यकर्त्या, सगळे त्यात घेतले. (आशांना पगार नसतो, 'मानधन' असते. पैसे कमी द्यायचे असले की मराठीत मान वाढवतात.) पण दाव्याबरोबर काय काय हवे होते? मृत्यूचा दाखला, कोविडचा प्रयोगशाळेचा अहवाल, आणि संस्थेचे पत्र, की हा माणूस कोविडच्या कामावर नेमलेला होता. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांनी दवाखाना उघडा ठेवला आणि त्या पहिल्या लाटेतच ते गेले. त्यांच्या पत्नीचा दावा नाकारला गेला, कारण त्यांची सेवा सरकारने मागितल्याचे पत्र नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तेच मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येकाच्या नावाचे वेगळे पत्र मागण्याची गरज नाही, त्या वेळचे सरकारी आदेश हीच मागणी होती. न्याय झाला. पण तो माणूस कोविडचे काम करतानाच गेला, हे मात्र पुराव्याने दाखवावेच लागेल, असेही त्याच निकालात आहे. म्हणजे पुन्हा कागद.

इस्पितळवाल्यांची बाजू मला माहीत नाही असे नाही. लहान नर्सिंग होम, वीस-पंचवीस खाटा, औषधवाल्यांची उधारी, त्यात प्रत्येक सुईची नोंद करत बसलो तर बाहेर बभ्रा होईल, अशी त्यांना भीती. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी हे मला तोंडावर सांगितले. मी त्यांना म्हटले, डॉक्टर, वर्गणी तुम्ही भरताच, मग जोखीम ईएसआयने घ्यायची का तुम्ही? नोंद केलीत तर ती घेणारा दुसरा आहे. लपवलेत तर एखाद दिवशी ती सगळी तुमच्या अंगावर. ते हसले. पटले की नाही ठाऊक नाही.

आता अर्जाविषयी, कारण मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला याचा विशेष त्रास होतो. आपला अर्ज कसा सुरू होतो? 'सविनय विनंती अर्ज ऐसा जे'. मग 'मी गरीब कुटुंबातील असून'. मग 'तरी कृपावंत होऊन', आणि शेवटी 'आपली आज्ञाधारक'. मावसबहिणीने पहिला खर्डा असाच करून आणला होता. त्यात तिच्या वडिलांचे आजारपण होते, धाकट्या भावाचे शिक्षण होते, 'आपल्या छत्रछायेखाली' हेही होते. सुई कधी, कुठे आणि कोणत्या बोटात टोचली हे तेवढे नव्हते! हा सगळा पेशवाईतून पोर्तुगिजांच्या अमलातून आलेला वाकलेला कणा आहे, आणि तो वाकलेला अर्ज वाचणाऱ्यालाही वाटते, की आपल्याकडे काही तरी दान मागितले जाते आहे. मग तो दाता होतो आणि नाही म्हणायला मोकळा होतो.

मी सगळे खोडले. विनंतीही खोडली, तिथे 'कळवते की' एवढे लिहिले. पुढे तारीख, वेळ, वॉर्ड, खाट क्रमांक, कोणते काम करताना, कोणत्या हाताचे कोणते बोट, रक्त आले की नाही, कोणाला तोंडी सांगितले आणि किती वाजता. रुग्णाचे नाव नाही, फक्त नोंदणी क्रमांक, कारण त्याचेही खासगीपण आहे. खाली एक ओळ, की माझ्या व त्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी करावी आणि अपघात नोंदवहीत याची नोंद घेऊन तिची प्रत मला द्यावी. सही. दहा ओळींत मावले. तिला ते उर्मट वाटले. "अशें बरोवचें?" असे तीनदा विचारले. असेच लिहायचे. 'प्लीज'सुद्धा कशाला?

दोन प्रती काढायच्या. एक देताना दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची आद्याक्षरे. कोणी शिक्का द्यायला तयार नसेल तर पोस्टाने. पूर्वी आम्ही रजिस्टर एडी करायला सांगत असू, पण २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकले आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टच करायचे आणि पोचेची मागणी वेगळी नोंदवायची. ती पावती अर्जाच्या प्रतीला टाचायची, पाकिटात सुटी ठेवायची नाही. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात उडून जातात, म्हणून तिची झेरॉक्सही काढायची. हसू नका, यावर दावे बुडालेले आहेत.

तिच्या इस्पितळाने प्रत घेतली. कुरकुर केली, पण घेतली, आणि सहाव्या दिवशी रक्तही तपासले. उशीरच, तरी तोवर दिसण्यासारखे काही नसते, म्हणून तेही चालले. आतापर्यंतचे दोन्ही अहवाल निर्दोष आहेत, तिसरा व्हायचा आहे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन आयांनी मात्र ते पाहून आपापल्या पगाराच्या स्लिपा तिच्याकडे आणून दाखवल्या. दोघींच्याही पगारातून ईएसआयचे पैसे दरमहा कापले जात होते, आणि दोघींनाही आपला विमा क्रमांक माहीत नव्हता. एकीला चार वर्षे झाली होती. तुमच्या घरात, शेजारात कोणी इस्पितळात कामाला असेल आणि स्लिपेवर ती कपात दिसत असेल, तर तो दहा आकडी क्रमांक या महिन्याच्या पगाराआधी मागून घ्या. मालकाने पैसे कापून भरले नसतील तरीही लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी ईएसआयच्या कायद्यात सोय होती. फक्त कापल्याचा पुरावा म्हणून ती स्लिप जपून ठेवावी लागते.